शिसे कळकत नाही : घरची भांडी, काचसामान आणि शिशाची बाधा

येळवस आठवड्यावर आली की आपल्या घरांतली माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद आणि शेजारच्या उदगीर-निलंग्याच्या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कोपी करायची, पांडव मांडायचे, भज्जी, उंडे आणि अंबील न्यायची, हा रिवाज सभासदांना नव्याने सांगायला नको. आजच्या विषयाशी त्यातल्या अंबिलीचा संबंध आहे. ज्वारीचे पीठ आणि ताक, म्हणजे पदार्थ आंबट. तो रात्रभर एकाच भांड्यात राहतो आणि सकाळी पहिला पेला घरातल्या लहान पोराच्या हातात जातो.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या दारावरून एक कल्हईवाला गेला. त्याला थांबवून आम्ही आईच्या लग्नातली घागर आणि दोन पितळी भगुणी कल्हईला दिली. घागरीवर आईचे नाव आणि १९५२ हे साल कोरलेले आहे. त्याने सांगितलेला दर आधीच कमी होता, तो आम्ही घासाघीस करून आणखी खाली आणला. बँकेत उभा जन्म अर्ध्या टक्क्याचा हिशेब करण्यात गेला, ती सवय घरीही सुटत नाही. भांडी चकचकीत झाली. पुढे महिना-दीड महिना ताक, कढी, चिंचेचे सार असे सगळे त्या भगुण्यांतच होत राहिले. येळवशीच्या आदल्या दिवशी घागर पुसताना सूनबाईंनी तिच्या आतल्या अंगावर पांढरा कागद घासला. कागदावर शिसपेन्सिलीसारखी काळी रेघ उठली. सूनबाई रसायनशास्त्र शिकवतात. त्यांनी अंबील मडक्यात ओतली, घागरीच्या आतला थोडा खरवडा कागदाच्या पुडीत बांधला आणि हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात कथील आणि शिसे जवळजवळ निम्मे-निम्मे निघाले.

नातवंडांचे रक्त तपासले. मोठीचे प्रमाण काळजी करण्याइतके नव्हते. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, त्याचे डेसिलिटरला ७ मायक्रोग्रॅम आले. डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट नीट समजावली. सगळा दोष भांड्यांवर टाकून मोकळे होऊ नका, तुमच्या वाड्याच्या दारांना जुना रंग आहे, त्याचे पापुद्रे पोराच्या हाताला लागतात, तेही पाहा. आम्ही दोन्ही बंद केले. तीन महिन्यांनी आकडा ४ वर आला.

त्यानंतर या विषयावर जे वाचले, विचारले आणि बाजारात फिरून पाहिले, ते सभासदांसाठी येथे एकत्र करून ठेवत आहोत. आम्ही डॉक्टर नाही आणि धातुशास्त्रज्ञही नाही. पण भांडी विकत घेणारे, कल्हईचा दर ठरवणारे आणि सुनेला-लेकीला आंदण देणारे आपणच असतो.

कळक आणि शिसे

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आजीला शाळेत न जाता ठाऊक होते. तांबे आंबटात उतरते, हिरवट कळंक दिसतो, चव तुरट-कडू होते, खाल्ले तर मळमळते. म्हणजे तांबे स्वतःहून ओरडून सांगते. आपल्या स्वयंपाकघरातली सगळी सावधगिरी या ओरडण्यावर बेतलेली आहे. रंग बदलला की टाकून द्या, चव बिघडली की ओतून द्या.

शिसे कळकत नाही. त्याला वास नाही, उतरल्याचा रंग नाही आणि चव बिघडण्याऐवजी आंबट पदार्थात ते उतरले तर किंचित गोडी येते. जुने रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवत आणि त्यात उतरणारे शिसे त्या गोडीत भरच घाली. म्हणून या बाबतीत जीभ, नाक, डोळे यांच्यावर विसंबून चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळले तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे तिच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अमेरिकेने त्याच वर्षी मुलांसाठीचा आपला संदर्भ आकडा ५ वरून ३.५ वर आणला. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या चार-पाच पट जास्त शिसे शोषते. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. शिसे हाडांत साठते, तिथे वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात हाडांतून परत रक्तात येऊन गर्भापर्यंत पोहोचते. मुलांमध्ये त्याचा मुख्य घाव मेंदूवर होतो. लक्ष लागत नाही, अभ्यासात मागे पडते, चिडचिड वाढते. पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय ही लक्षणे पुष्कळ पुढची. पोर हूड आहे, आमच्या घराण्यात सगळे असेच, म्हणून आपण सोडून देतो, ती लक्षणे आधीची असू शकतात.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असल्याचा अंदाज होता. त्यातली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली. आपल्याकडे पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तरीही शिसे घरात येतच राहते. जुना रंग, भेसळीची हळद, बॅटरी फोडण्याचे धंदे आणि भांडी या त्याच्या वाटा. जाता जाता एक सांगतो, मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच. देवळातून आल्यावर पोराचे हात धुवून मगच प्रसाद द्यावा.

कल्हई : दोष कशात आहे

कल्हई म्हणजे कथलाचा लेप. भांडे कॉस्टिक सोड्याने धुवायचे, भात्यावर तापवायचे, नवसागर भुरभुरायचा म्हणजे धातूचा अंगचा मळ सुटतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायचे. शुद्ध कथलाचा लेप अन्नाला चांगला. तांबे-पितळ आणि आंबट यांच्यात तो भिंतीसारखा उभा राहतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवलेले किंवा ठेवलेले अन्न खाण्यास अयोग्य धरले आहे. हलवायांच्या साखरेच्या मिठाईला तेवढी तांब्याच्या भांड्याची सूट आहे. तेव्हा कल्हई सोडून द्या असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

गोंधळ कांडीत आहे. आयुर्वेदात कथलाला वंग आणि शिशाला नाग अशी वेगळी नावे आहेत. मराठीत कथील आणि शिसे, कन्नडमध्ये तवर आणि सीस. नावे एवढी स्वच्छ असूनही बाजारात ‘रांगा’ म्हणून जे मिळते ते कधी कथील असते आणि कधी डाखाची कांडी. डाख म्हणजे भांड्याला सांधा देण्याचे मिश्रण, त्यात कथील आणि शिसे दोन्ही. दिसायला दोन्ही चंदेरीच. आता हिशेब पाहा. कथलाचा भाव शिशाच्या दहा पटींहून अधिक. शुद्ध कथील वितळते २३२ अंशांना, तर ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. म्हणजे माल स्वस्त, कोळसा कमी, हात लवकर मोकळा. गिऱ्हाईक दर पाडून मागते आणि चकाकी तेवढी तपासते. शाखेत असताना लहान कारागिरांच्या कर्जांचे अर्ज आमच्याकडे येत, त्यातल्या कच्च्या मालाच्या रकान्याकडे आम्ही बारकाईने पाहत असू. दारात आलेल्या कारागिराला मात्र आम्ही तो प्रश्न विचारला नाही. आम्ही ठरवलेल्या दरात शुद्ध कथील बसतच नव्हते, हे अहवाल आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा दिसले.

त्या कारागिरावर आमचा राग नाही. त्याला कांडी विकणाऱ्याने ती काय म्हणून विकली, कोण जाणे. शिवाय त्या धुरात दिवसभर बसणारा तोच आणि त्याची पोरे भात्याशेजारीच खेळत होती. शिसे आधी त्यांच्या पोटात जाते, मग आपल्या.

कल्हई करून घेताना काय करावे, तर सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कथील आपण आणून देणे. पावतीवर शुद्ध कथील असे लिहून देणाऱ्या दुकानातून घ्यावे आणि कारागिराला फक्त मजुरी, तीही नीट द्यावी. कांडी ओळखण्याच्या दोन जुन्या युक्त्या आहेत. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर कुरकुर असा आवाज येतो. शिसे मुकाट वाकते. आणि शिसे कागदावर रेघ ओढते, कथील सहसा ओढत नाही. कल्हईवरही कागद घासून पाहावा. मात्र एक ध्यानात ठेवावे. काळी रेघ आली तर भांडे बाजूला काढायला तेवढे कारण पुरे, पण रेघ आली नाही म्हणून भांडे शुद्ध ठरत नाही. थोडे शिसे असेल तर या युक्त्यांना ते सापडत नाही.

कल्हईच्या भांड्यात कोरडी फोडणी करू नये, रिकामे भांडे चुलीवर ठेवू नये. तेल तापत गेले, भांडे कोरडे राहिले, तर कथील वितळण्याइतकी उष्णता सहज येते. आत तांबूस किंवा पिवळा धातू दिसू लागला की पुन्हा कल्हई. आणि शिशाची कल्हई झालेले भांडे वरून शुद्ध कथील फिरवून शुद्ध होत नाही. खालचे शिसे नव्या लेपात मिसळते.

डाखाचे काम स्वतंत्रपणे बघावे. गळकी घागर, कळशीचा तळ, जुन्या किटलीची तोटी यांना आतून डाख दिलेला असेल तर त्यात पिण्याचे पाणी किंवा ताक नको. तांब्याच्या कळशीत साधे पाणी ठेवायला हरकत नाही. त्यात लिंबू पिळून मात्र ठेवू नये.

जर्मनची भांडी आणि अमेरिकेला जाणारी कढई

आपल्याकडे अॅल्युमिनियमला अजून ‘जर्मन’च म्हणतात. जर्मनचे भगुणे, जर्मनचा डबा. अॅल्युमिनियम या धातूत शिसे मुळात नसते. ते येते भंगारातून. मोटारीचे भाग, तारा, रंगाचे पत्रे, असे सगळे एका मुशीत वितळवून ओतीव कढया आणि पातेली निघतात, तेव्हा त्यात काय काय गेले याचा पत्ता लागत नाही. घट्ट, जड, राखाडी ओतीव कढई इंडालियम किंवा हिंडालियम म्हणून विकली जाते. हे मिश्रधातू ठरलेल्या कृतीने केले तर त्यात शिशाचे काम नाही, पण नाव कोरणे सोपे आणि कृती पाळणे अवघड.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भारतातून गेलेल्या काही अॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम-इंडालियम जातीच्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, असा इशारा दिला. त्याआधी २०२२ मध्ये सिएटल शहर असलेल्या किंग काउंटीतल्या संशोधकांनी तेथे स्थायिक झालेल्या अफगाण कुटुंबांच्या मुलांच्या रक्तातले शिसे कुठून येते, याचा माग काढला होता. तो बराचसा त्यांनी सोबत आणलेल्या अॅल्युमिनियमच्या कुकरांपर्यंत आणि पातेल्यांपर्यंत पोहोचला. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले तिकडे आहेत. इकडून परतताना बॅगेत काळा मसाला, शेंगाचटणी आणि बेगम बाजारातून घेतलेली कढई भरून देण्याची आपली रीत आहे. मसाला जरूर भरा. कढई द्यायचीच तर स्टीलची किंवा बिडाची द्या.

प्युअर अर्थ या संस्थेने २०२३ मध्ये भारतासह २५ देशांच्या बाजारांतून पाच हजारांहून अधिक वस्तू तपासल्या. धातूच्या भांड्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त भांडी त्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेली. धातूत शिसे असणे आणि ते अन्नात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे, पण चिंचेचे सार अर्धा तास उकळले की त्यांच्यातले अंतर कमी होते.

स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला. नवे भांडे घेताना ते चिन्ह पाहावे, वजनावर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या ओतीव भांड्यांपासून दूर राहावे. जुने जर्मनचे भगुणे धान्य मोजायला, आंघोळीचे पाणी काढायला ठेवावे. त्यात कढी, अंबील, टोमॅटोचे सार नको.

स्टीलविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. आम्हाला तरी रोजच्या स्वयंपाकाला तेच बिनधोक वाटते. फक्त गरम-गार राहणाऱ्या दुहेरी भिंतीच्या काही बाटल्यांच्या तळाशी, बाहेरच्या बाजूला, शिशाचा ठिपका देऊन छिद्र बंद केलेले असते. त्यावरची चकती निघाली असेल तर ती बाटली पोराच्या दप्तरातून काढावी.

बिदरी, पंचरसी आणि देवघर

बिदरी हा आपला अभिमान. २००६ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. हुक्क्याचे तळ, पानदान, सुरई, अत्तरदाणी हे तिचे जुने प्रकार. आता बाजाराच्या मागणीनुसार वाट्या, पेले आणि ताटल्याही निघतात. बिदरीचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त आणि थोडे तांबे. वस्तुसंग्रहालयांतल्या जुन्या नगांच्या तपासणीत त्यात शिसेही आढळले आहे. शिसे सोडा, जस्तच आंबटात उतरते. तेव्हा बिदरी शोकेसमध्ये, दिवाणखान्यात, पाहुण्याला भेट म्हणून. बिदरीच्या वाटीत दही-साखर देऊन परगावच्या पाहुण्याचे कौतुक करू नये. आम्ही ते केलेले आहे.

काशाचे ताट चांगले, काशात तांबे आणि कथील. पण कासे म्हणून विकले जाणारे भंगार ओतीव पुष्कळ आहे, ओळखीच्या तांबटाकडूनच घ्यावे. ओतीव पितळेत, विशेषतः नळाच्या तोट्यांत, कातकाम सोपे जावे म्हणून थोडे शिसे घालतात. सकाळचे पहिले पाणी थोडे वाहू देऊन मग पिण्यासाठी भरावे.

देवघराविषयी लिहावे की नाही असा आमच्यात विचार झाला. पंचरसी मूर्ती म्हणजे पाच धातूंचे मिश्रण, आणि कित्येक ठिकाणी त्या पाचांत शिसे धरले जाते. तिच्यावर दही-मधाचे पंचामृत घालून तेच तीर्थ म्हणून घरातल्या मुलांना द्यायचे, हे आता आमच्याकडे बंद आहे. मूर्तीला अभिषेक होतो, आणि तीर्थाचे पंचामृत देवापुढे वेगळ्या चांदीच्या वाटीत नैवेद्य म्हणून ठेवतो. आमच्या गुरुजींनी त्याला हरकत घेतली नाही.

काच आणि चिनी माती

साधी काच, म्हणजे चहाचा ग्लास, लोणच्याची काचेची बरणी, दुधाची बाटली, यात शिसे घालण्याचे कारण नसते. ओव्हनमध्ये चालणारी बोरोसिलिकेट काचही तशीच. शंका घ्यायची ती दोन ठिकाणी.

पहिली म्हणजे स्फटिकासारखी चमकणारी जड काच, जिला आपण कट ग्लास म्हणतो. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्स्क्रॉफ्ट याने १६७० च्या दशकात शिसे घालून ही काच करण्याचे तंत्र पक्के केले. आजही लेड क्रिस्टल हे नाव मिळायला युरोपात निदान २४ टक्के शिशाचे ऑक्साइड लागते. तिचे वजन हाताला लगेच कळते, टिचकी मारली तर नाद लांबतो. निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेले असे सामान आपल्याकडच्या काही जुन्या घरांत अजून आहे. ते वाईट नाही, त्यात साठवणे वाईट. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९१ मध्ये आलेल्या अभ्यासात अशा सुरईत चार महिने ठेवलेल्या मद्यात लिटरला काही हजार मायक्रोग्रॅम शिसे उतरले होते. आपल्या घरात त्या जागी लिंबाचे सरबत, कोकम, कैरीचे पन्हे येते. सणाला एकदा पन्हे ओतून लगेच प्यायले, प्रौढांनी, तर फार बिघडत नाही. फ्रिजमध्ये त्याच सुरईत आठवडाभर पन्हे नको, आणि मुलांना व गरोदर बाईला त्या ग्लासातून मुळीच नको.

दुसरी शंका बाहेरून रंगवलेल्या ग्लासांची. सोनेरी काठ, फुले, कार्टूनची चित्रे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत सत्तरहून अधिक नव्या-जुन्या रंगीत ग्लासांपैकी बहुतेकांच्या रंगात शिसे होते, कित्येकांत कॅडमियमही. रंग बाहेर आहे, पेय आत आहे, मग काय झाले, असे वाटते. पण पोर ओठ काठाला लावते, दाताने चावते, घासताना रंगाचा चुरा निघतो. काठापासून वरच्या २० मिलिमीटरच्या पट्ट्यात रंग नको, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ. वाढदिवसाला मुलांना चित्रांचे ग्लास वाटण्याची प्रथा आपल्या सभागृहातही आहे. आयोजकांनी साधे स्टीलचे पेले वाटावेत, अशी आमची सूचना आहे.

चिनी मातीत प्रश्न झिलईचा. कमी आचेवर भाजलेल्या भांड्यावर लखलखीत झिलई आणायला शिसे घालण्याची रीत फार जुनी आहे. नीट भाजले तर ते काचेत अडकून राहते, भाजण्यात कसर राहिली की आंबटात सुटते. लोणच्याची जाड, पांढरी-तपकिरी बरणी भरपूर आचेवर भाजलेली असते आणि तिला सहसा शिशाची गरज नसते. आम्हाला काळजी वाटते ती जत्रेत आणि रस्त्याकडेच्या ढिगांतून मिळणाऱ्या, आतल्या बाजूने रंगीत नक्षी असलेल्या वाट्यांची. बोट फिरवल्यावर नक्षी झिलईच्या वर लागत असेल, रंग फिका पडत असेल, झिलईला बारीक तडे गेले असतील, तर ते भांडे फळे ठेवायला घ्यावे. लोणचे, दही आणि गरम चहा त्यात नको. अशा भांड्यांची तपासणी ४ टक्के ॲसिटिक आम्ल, म्हणजे साधारण व्हिनेगर, २४ तास भरून ठेवून करतात. अमेरिकेत कपासाठी लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि पसरट ताटलीसाठी ३ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. कपाची मर्यादा कडक, कारण त्यात पेय राहते आणि तो रोज ओठाला लागतो. बिनझिलईचे साधे काळे किंवा तांबडे मडके मात्र आम्ही निर्धास्त वापरतो.

मेलामाइनचा प्रश्न निराळा, तो शिशापेक्षा उष्णतेचा. त्यात उकळते पदार्थ ओतू नयेत, एवढेच येथे पुरे.

तपासणी कुठे आणि कशी

ऑनलाइन मिळणाऱ्या, घासल्यावर लाल होणाऱ्या काड्यांवर फार भरवसा ठेवू नये. वरवर शिसे दाखवतात, पण अन्नात किती उतरते ते सांगत नाहीत, आणि कधी चुकीचेही दाखवतात. एखादे भांडे वर्षानुवर्षे वापरायचे असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत आंबट द्रावणात किती शिसे उतरते ही तपासणी मागावी. ‘धातू तपासा’ असे न म्हणता ‘शिसे किती उतरते ते तपासा’ असे म्हणावे. प्रत्येक भांड्यासाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही. शंका असलेले स्वस्त भांडे काढून टाकणेच स्वस्त पडते.

मुलाच्या रक्ताची तपासणी शिरेतून काढलेल्या रक्तावर करावी. बोट टोचून घेतलेल्या रक्तात हातावरची धूळ मिसळून आकडा वाढू शकतो. आपल्या राज्यात बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिशाच्या विषबाधेचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले, ते डॉ. थुप्पिल वेंकटेश यांच्या प्रयत्नातून. आकडा थोडा वाढलेला असेल तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. शिशाची वाट बंद करायची, लोह आणि कॅल्शियम असलेला आहार द्यायचा, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासायचे. शेपू, राजगिरा, तीळ, शेंगदाणे, नाचणी, दूध हे सगळे आपल्या घरात असतेच. शिसे काढतो म्हणून विकले जाणारे काढे आणि भस्मे घेऊ नयेत. काही भस्मांत शिसेच असते.

आमच्या दोन भगुण्यांपैकी एक मोडीत दिले, दुसरे परसात अबोलीला लावले आहे. घागरीवरचे नाव आणि साल पाहून ती मोडीत द्यायला घरात कोणीच तयार झाले नाही. ती घासूनपुसून तुळशीवृंदावनाशेजारी ठेवली आहे, तिच्यात फक्त झाडांचे पाणी असते आणि तळाला सूनबाईंनी तेलरंगाने ‘स्वयंपाकाला नाही’ असे लिहिले आहे. यंदाच्या अंबिलीसाठी कुंभारवाड्यातून दोन मडकी सांगून ठेवली आहेत. ज्या सभासदांना शुद्ध कथील एकत्र मागवून एकाच दिवशी कल्हई करून घ्यायची असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात भांड्यांची संख्या कळवावी. वीस-पंचवीस भांडी झाली तर कारागिराला दिवसाची पूर्ण मजुरी देता येईल.